पर्पल मार्टिन लवकर आले आणि थंडी परत फिरली, तर काय करायचं

अमेरिकेत पूर्वेकडच्या राज्यांत घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना बॅकयार्डात एक उंच खांब आयता मिळतो, त्यावर पांढरं खणाखणांचं पेटीसारखं घर किंवा लटकणारे पांढरे भोपळे. आधीचा मालक जाताना सांगून जातो की हे पर्पल मार्टिन पक्ष्यांचं आहे, काढू नका, आणि आपण मान डोलावतो. मग पुढच्या वसंतात खरोखरच काळपट जांभळे, चमकदार, सतत गुरगुरत बोलणारे पक्षी येऊन बसतात आणि लगेच दोन दिवसांनी हवा फिरते, पाऊस, वारा, कधी चक्क बर्फ, आणि ते पक्षी खांबावर फुगून बसलेले दिसतात. तेव्हा नेमकं काय करायचं ते इथे सगळं सांगतोय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, त्यामुळे तारखा आमच्याकडच्या आहेत, टेक्सासवाल्यांनी दोन महिने मागे न्यायच्या आणि कॅनडावाल्यांनी थोड्या पुढे.

आधी पक्षी कोण ते. पर्पल मार्टिन म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी भिंगरी (स्वॅलो), वजन ५०-५५ ग्रॅमच्या आसपास. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतात, मुख्यतः ब्राझीलकडे, आणि जानेवारीत फ्लोरिडा आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर पहिले पक्षी पोचतात, आमच्याकडे मार्चअखेर ते एप्रिल. टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या ब्रिजेट स्टचबरी यांनी २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर छोटे जिओलोकेटर, म्हणजे प्रवासाचा माग ठेवणारी यंत्रं, लावले होते, तर एक मादी ब्राझीलहून साडेसात हजार किलोमीटर अंतर १३ दिवसांत कापून घरी आलेली निघाली. एवढा प्रवास करून आलेल्या पक्ष्याच्या अंगावर चरबी किती उरणार, तुम्हीच विचार करा.

या पहिल्या पक्ष्यांना इथे सगळे स्काउट म्हणतात, आणि त्यावरून एक कथा पसरलीय की हे टेहळणी करायला येतात, जागा बघून परत जातात आणि बाकीच्यांना घेऊन येतात. तसलं काही नाही. हे वयस्कर, अनुभवी पक्षी असतात, आपलं मागच्या वर्षीचंच घर, त्यातला चांगला खण आधी पकडायचा म्हणून घाई करून येतात. मागच्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं चार-सहा आठवडे उशिरा येतात. म्हणजे थंडीत जो मरतो तो तुमच्या वसाहतीतला सगळ्यात पक्का, दरवर्षी परत येणारा पक्षी असतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता मुख्य मुद्दा, आणि हा एकदा डोक्यात बसला की बाकीचं आपोआप समजतं. मार्टिन थंडीने सहसा मरत नाही, उपाशी राहून मरतो. तो फक्त उडते किडे खातो, तेही उडता उडता, उंचावर. दाणे खात नाही, ब्रेड खात नाही, फळं खात नाही, जमिनीवरचे किडे टिपत फिरत नाही. आणि हवा साधारण ५० फॅरेनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली गेली की किडे उडायचेच बंद होतात. पक्ष्याच्या अंगावर पिसं भरपूर आहेत, पोटात काही असेल तर तो थंडी काढतो. एक दिवस उपास चालतो, दुसरा दिवस ओढून निघतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरायला लागतात.

त्यामुळे हवामान बघताना लोक जी चूक करतात ती म्हणजे रात्रीचा आकडा बघून घाबरतात. रात्री पाणी गोठलं तरी दुपारी ऊन पडून ५८-६० होणार असेल तर काळजी नाही, ते दुपारी खाऊन घेतील. बघायचं ते दिवसाचं कमाल तापमान, आणि त्याच्याबरोबर पाऊस आणि वारा. दिवसभर रिपरिप पाऊस आणि ५४ असेल तर तो दिवस उपासाचाच धरा. उलट ४८ आहे पण ऊन आहे, वारा पडलाय आणि जवळ तळं किंवा नदी आहे, तर पाण्यावर बारीक माश्या निघतात आणि मार्टिन अगदी पाण्यालगत खाली उडत त्या खाताना दिसतात. नॅशनल वेदर सर्व्हिसचा सात दिवसांचा अंदाज रोज सकाळी चहा घेता घेता बघायची सवय लावा, आणि सलग दोन दिवस कमाल ५० च्या खाली दिसले की तयारीला लागा. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. लोक ‘बघू, उद्या उघडेल’ म्हणत थांबतात आणि उद्या उघडत नाही.

तयारी म्हणजे काय तर खाणं घरात असलं पाहिजे, थंडी पडायच्या आधी. ऐन थंडीत ऑर्डर केलं तर उशीर होणारच, आणि जिवंत किडे अशा हवेत कुरिअरने येताना वाटेतच मरतात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच मागवा.

सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे रातकिडे, इथे क्रिकेट म्हणून सरडे-पालीवाल्यांसाठी विकतात. साइज लार्ज घ्यायचा, साधारण इंचभर लांब, बारीक घेतले तर फेकताही येत नाहीत आणि पक्ष्याला दिसतही नाहीत. ऑनलाइन हजार किड्यांचा खोका मिळतो. पाच-सहा पक्षी असतील तर एक खोका घेऊन ठेवा, उरले तर फ्रीजरमध्ये पुढच्या थंडीला चालतात. खोका आला की रात्रभर घरात ठेवायचा मोह टाळा, ते रात्रभर किरकिरतात आणि एखादा निसटला की आठवडाभर बेसमेंटमधून आवाज येत राहतो. खोका तसाच्या तसा डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काढून आतले अंड्याच्या ट्रेसारखे पुठ्ठे झटकायचे, किडे चाळणीत घेऊन गार पाण्याखाली धुवायचे म्हणजे घाण निघून जाते, मग पेपर टॉवेलवर पसरून पूर्ण कोरडे करायचे आणि झिपलॉक पिशव्यांमध्ये एक थर होईल असे चपटे भरून परत फ्रीजरमध्ये. ओले भरलेत तर सगळ्यांची एक वीट होते आणि मग ऐन वेळी हातोडीने फोडत बसा. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या फ्रीजरमध्ये उकडीच्या मोदकांच्या डब्याशेजारी ही पिशवी असते आणि साताऱ्याहून आई आली की पहिलं काम म्हणजे मोदक दुसऱ्या कप्प्यात हलवते, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घरात कोणाला चालत नसेल तर गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर ठेवा, पण किडे ठेवा.

दुसरं म्हणजे मीलवर्म, पिवळसर अळ्या. या जिवंतच वापरायच्या, कारण त्या ट्रेमध्ये वळवळतात आणि वळवळ दिसली की मार्टिनला ते खाणं आहे हे कळतं. फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, कोंड्यात ठेवल्या तर आठवडे टिकतात. वाळवलेल्या मीलवर्मच्या पिशव्या दुकानात ब्लूबर्डसाठी मिळतात, त्या घेऊ नका, त्यात पाणीच नसतं आणि उपाशी पक्ष्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

तिसरं, आणि हे कुठल्याही घरात आत्ता या क्षणी असतं, ते म्हणजे अंडं. हो, अंडं. फेटून शिजवलेलं, भुर्जीसारखं, पण आपली भुर्जी नाही: कांदा नाही, मिरची नाही, तेल-बटर नाही, दूध नाही, मीठसुद्धा नाही. अंडं फेटायचं, वाडग्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये घट्ट होईपर्यंत शिजवायचं, मग करंगळीच्या नखाएवढे तुकडे करायचे. किडे खायला एकदा शिकलेले मार्टिन अंडं बिनबोभाट खातात, आणि डझनभर अंड्यांची किंमत किड्यांच्या खोक्यापुढे काहीच नाही. कवचं फेकू नका, ओव्हनमध्ये भाजून चुरा करून ठेवा, त्याचं काम पुढे येतंय.

आता घराकडे या. स्काउट यायच्या आधी मागच्या वर्षीची घरटी काढून खण स्वच्छ केलेले असले पाहिजेत आणि प्रत्येक खणात इंचभर कोरडं काहीतरी घाला, पाइनच्या वाळलेल्या सुया किंवा सीडरचा जाडसर लाकडी भुसा. बारीक लाकडी धूळ नको. ओला झालेला थर लगेच बदलायचा, कारण ओल्यावर बसलेला पक्षी कोरड्यावर बसलेल्यापेक्षा लवकर गार पडतो. जागेचं गणित बहुतेकांना आधीच माहीत असतं, खांब १२ ते १८ फूट उंच, माणसांच्या घरापासून ३० ते १०० फुटांत, आणि झाडांपासून ४०-६० फूट मोकळं. खांबाला रकून आणि साप चढू नये म्हणून धातूचा गार्ड. थंडीत गारठलेला पक्षी रात्री हलत नाही, त्यामुळे गार्ड नसलेल्या खांबावर रकून एका रात्रीत सगळी वसाहत साफ करून जातो.

भोपळ्यांबद्दल एक जाता जाता. लटकवतात ते वाळवलेले भोपळे आपल्या दुधीच्याच जातीचे, हल्ली बहुतेक प्लास्टिकचे असतात पण आकार तोच. युरोपियन लोक यायच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी वस्तीजवळ असे भोपळे टांगत आलेत, आणि आज रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मार्टिन जवळजवळ सगळेच्या सगळे माणसाने लावलेल्या घरांतच अंडी घालतात. झाडातल्या ढोलीत घरटं करणं त्यांनी इकडे सोडूनच दिलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी एका वादात कामाला येते.

आणि चिमण्यांचं काय? आपल्याकडे नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने सुरू केलेला चिमणी दिवस २० मार्चला साजरा होतो, आणि बरोबर त्याच सुमारास इथला मार्टिनवाला हाऊस स्पॅरोला घरातून हाकलत असतो. तीच चिमणी. १८५१ मध्ये ब्रुकलिनला आणून सोडली, आणि १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातल्या स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातले पक्षी) सोडल्या, दोघींनी इथल्या ढोलीवाल्या पक्ष्यांची पार वाट लावली. थंडीच्या दिवसांत याचा संबंध असा की अशक्त मार्टिनला खणातून ओढून मारायला स्टार्लिंगला वेळ लागत नाही. म्हणून जुनी वसाहत असेल तर पहिला मार्टिन दिसेपर्यंत दारं बंद ठेवा, आणि भोक गोल असेल तर अर्धचंद्री दाराच्या प्लेट लावून घ्या, त्याची उंची साधारण १ पूर्णांक ३/१६ इंच असते, त्यातून मार्टिन जातो आणि स्टार्लिंग अडते. सुरुवातीला आपल्या लोकांना चिमणी हाकलताना वाईट वाटतं, मलाही वाटलं, पण इथे ती पाहुणी आहे आणि घर मार्टिनचं आहे.

आता खरं काम, खायला घालणं. इथे सगळे अडतात, कारण मार्टिनच्या डोक्यात खाणं म्हणजे हवेत उडणारी वस्तू. तुम्ही ट्रे भरून किडे समोर ठेवलेत तरी तो त्याच्याकडे बघत उपाशी मरेल, अक्षरशः. त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायची रीत म्हणजे किडा हवेत उडवायचा.

साधा प्लास्टिकचा चमचा घ्या, पार्टीतला, लवचीक. फ्रीजरमधले मूठभर रातकिडे कोमट पाण्यात दोन-चार मिनिटं ठेवून मऊ करा, मग पेपर टॉवेलवर टिपून घ्या, कारण ओला किडा चमच्याला चिकटतो आणि उडत नाही. एका हातात चमच्याचा दांडा घट्ट धरायचा, चमच्यात एक किडा ठेवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने चमच्याचं तोंड मागे ओढायचं आणि सोडायचं, लहानपणी पट्टीवरून खोडरबर उडवायचो अगदी तसंच. किडा वीस-पंचवीस फूट वर जातो. खांबावर बसलेल्या पक्ष्याच्या अंगावर मारायचा नाही, त्याच्या समोरून, त्याच्या नजरेच्या टप्प्यातून वर जाऊन खाली येईल असा. जरा लांब उभे राहा, एकाच जागी, आणि वारा पाठीवर घ्या.

पहिल्यांदा काय होतं तर पक्षी नुसती मान वळवतो. किडा वर जातो, डोकं वर जातं, किडा खाली पडतो, डोकं खाली. दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वेळीही तेच, आणि तुमच्या बोटांना गारठ्याने काही कळेनासं होतं. करत राहा. मग कधीतरी एक जण झेप घेतो, किड्याच्या जवळून जातो आणि न घेताच परत येतो. हे उत्तम लक्षण आहे, आता थांबायचं नाही. पुढच्या एक-दोन वेळांत तो पकडतो, वळसा मारून परत खांबावर येऊन बसतो, किडा चोचीत नीट करून गिळतो, आणि ते बघून शेजारचा सुद्धा उठतो. एक शिकला की बाकीचे बघून शिकतात, हे इतकं पटापट होतं की दहा मिनिटांपूर्वी दगडासारखे बसलेले पक्षी आता तुमच्या डोक्यावर घिरट्या घालतात. एकदा शिकलेला पक्षी पुढच्या वर्षीही विसरत नाही, चमचा हातात दिसला की उतरतो.

म्हणूनच माझं सगळ्यांना सांगणं आहे की शिकवणी थंडीत घेऊ नका. एप्रिलच्या साध्या गार संध्याकाळी, पक्षी धडधाकट असताना, रोज थोडे किडे उडवा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि उडवायच्या आधी एक ठरावीक शिट्टी. हवा छान असताना ते कदाचित ढुंकून बघणार नाहीत, वर एवढं ताजं उडतंय तर तुमचा फ्रीजरचा माल कशाला घेतील, पण संध्याकाळी हवा गार झाली की घेतात. उपाशी, थकलेल्या पक्ष्यात नवीन काही करून बघायची ताकद नसते, हे खरं कारण. अनेकांना फेकून जमत नाही, कारण ते चौथ्या दिवशी सुरू करतात.

फेकायला चमच्याऐवजी गुलेर, फुंकनळी काहीही वापरतात लोक, पण गुलेरीत किड्याचा भुगा होतो, चमचाच बरा. अंड्याचे तुकडेही असेच उडवता येतात, पण आधी किडे, मग किडे आणि अंडं मिसळून, मग नुसतं अंडं, असा क्रम ठेवा.

फेकणं शिकले की लगेच ट्रेवर न्यायचं, कारण पंधरा पक्ष्यांना दिवसभर चमच्याने कोण भरवणार, नोकरी आहे, मुलांची शाळा आहे. एक सपाट लाकडी फळी, कडेला बुटकी पट्टी, पाणी जायला भोकं, रंग फिकट म्हणजे काळे किडे त्यावर उठून दिसतात. ही फळी घराच्याच उंचीवर पाहिजे, जमिनीवर ठेवलेल्या ट्रेकडे मार्टिन येत नाही. खांबाला दोरी-कप्पी असेल तर घराच्या खालच्या बाजूला लावा, नाहीतर शेजारी वेगळा खांब. इथे ती भाजलेली अंड्याची कवचं कामाला येतात: मार्टिनला, विशेषतः अंडी घालायच्या दिवसांत मादीला, कॅल्शियम लागतं आणि कवचाचा चुरा ते आवडीने उचलतात. त्यामुळे उन्हाळाभर त्या ट्रेवर कवचाचा चुरा ठेवत गेलात की ट्रेवर उतरायची सवय आधीच लागलेली असते, मग थंडीत त्यावर मीलवर्म आणि किडे टाकले की पुढचं ते बघून घेतात. पहिल्या वेळी जिवंत मीलवर्म वर आणि मेलेले किडे खाली, असं पसरा. घराच्या खणांसमोरच्या ओट्यांवर सुद्धा चार-चार किडे ठेवायचे, पक्षी तिथेच बसतो, चोचीसमोर असतं.

दिवसातून दोनदा पुरतं. एकदा सकाळी पक्षी बाहेर आल्यावर, एकदा दुपार कलताना, आत जाऊन झोपायच्या बराच वेळ आधी, म्हणजे रात्र भरल्या पोटी निघते. ते घ्यायचे थांबेपर्यंत द्यायचं, हेच माप. ट्रेवर स्टार्लिंग उतरायला लागल्या तर ट्रे सतत भरलेला ठेवू नका, तुम्ही तिथे उभे असताना भरा आणि मार्टिनचं झालं की रिकामा करा. ब्लूबर्ड किंवा मॉकिंगबर्ड चार किडे घेऊन गेले तर जाऊ द्यात. ट्रे रोज गरम पाण्याने धुवा, ओलं अंडं तसंच राहिलं की तासाभरात खराब होतं.

काही लोक गरमी द्यायच्या मागे लागतात. खणात बल्ब, हीटिंग पॅड, गरम विटा, हातमोज्यात घालायचे ते वॉर्मर, सगळं ऐकलंय आणि एक-दोन ठिकाणी बघितलंय. माझं स्पष्ट मत, यात पडू नका. पावसात खांबावर इलेक्ट्रिक वायर आणि वाळलेल्या पाइनच्या सुया हे एकत्र असणं म्हणजे घरच पेटवून द्यायची सोय, आणि उबेत बसलेला पक्षी खायला बाहेर येत नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच. पोटात खाणं गेलं की तो स्वतः गरम राहतो. वारा थेट दारात शिरत असेल आणि खांब फिरवता येत असेल तर दारं वाऱ्याच्या उलट दिशेला वळवा, एवढं पुरे.

कडाक्याच्या थंडीत मार्टिन एकाच खणात गर्दी करतात, एका भोपळ्यात पाच-सहा-आठ, उबेसाठी. यात धोका असा की गर्दी जास्त झाली तर खालचे गुदमरतात. त्यामुळे थंडीच्या दिवसांत दुपारी एकदा, संध्याकाळी नाही, घर हळू खाली घेऊन बघा. आत मेलेला पक्षी असेल तर काढा, कारण तो दारात अडकला तर बाकीचे आतच राहतात. संध्याकाळी घर खाली घेतलंत तर घाबरलेले पक्षी बाहेर उडतात आणि अंधारात परत येत नाहीत, ते टाळायचं.

जो पक्षी जमिनीवर पडलाय, डोळे मिटलेले, हाताने उचलला तरी उडत नाही, त्याचं वेगळं. पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला पेपर टॉवेल, झाकणाला भोकं, खोक्याच्या अर्ध्या भागाखाली हीटिंग पॅड सगळ्यात कमीवर, म्हणजे फार गरम झालं तर तो दुसऱ्या बाजूला सरकू शकतो. आधी ऊब, मग खाणं, हा क्रम उलटा करू नका, गार पडलेल्या पक्ष्याला खाणं पचत नाही. चोचीत पाणी तर अजिबात ओतू नका, श्वासात जातं. आणि लगेच जवळच्या परवानाधारक वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटरला, म्हणजे आजारी-जखमी वन्यप्राणी सांभाळणाऱ्या माणसाला, फोन. हा नियम म्हणून सांगतोय, सल्ला म्हणून नाही: १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली मार्टिनला संरक्षण आहे, परवान्याशिवाय घरात ठेवून सांभाळता येत नाही, फक्त रिहॅबवाल्याकडे पोचवता येतं. व्हिसावर असलेल्यांनी तर यात हुशारी करूच नका. त्या माणसाचा नंबर मार्चमध्येच शोधून फ्रिजवर चिकटवा, रविवारी संध्याकाळी कोणी सापडत नाही.

हवा उघडली की मार्टिन तुमच्याकडे पाठ फिरवून सुसाट निघून जातात, वाईट वाटून घेऊ नका. पण त्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही सकाळी ट्रे भरा, कारण ऊन पडलं तरी किडे लगेच पूर्ववत उडायला लागत नाहीत आणि पक्षी अजून अशक्त असतो. मग प्रत्येक खण तपासा, ओला भुसा बदला, मेलेले असतील ते हातमोजे घालून काढा आणि पुरा. पायात कडं असेल तर त्याच्यावरचा नंबर फोटो काढून बर्ड बँडिंग लॅबोरेटरीच्या साइटवर कळवा. पहिला पक्षी कधी आला ती तारीख पेनसिल्व्हेनियातल्या एरीच्या पर्पल मार्टिन कन्झर्व्हेशन असोसिएशनलाही कळवता येते, ते देशभरातल्या अशा तारखा गोळा करतात आणि नकाशावर लावतात.

आता तो वाद. मंडळाच्या पिकनिकला हा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, अहो निसर्गाचं निसर्गाला बघू द्या, कमजोर मरतात आणि बळकट राहतात. त्यात तथ्य नाही असं नाही. १९९६ च्या मे महिन्यात नेब्रास्कात सहा दिवस थंडी टिकली आणि तिथल्या क्लिफ स्वॅलो जातीच्या भिंगऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मेल्या, आणि वाचल्या त्या अंगाने मोठ्या होत्या, हे मोजून दाखवलेलं आहे. पण क्लिफ स्वॅलो आपलं घर आपण मातीने बांधते. मार्टिनला घर आपण देतो, शत्रू आपण आणून सोडले, आणि ढोलीची सवय आपल्यामुळेच सुटली, तर मग चार दिवसांच्या अंड्यापुरतंच निसर्गाचं नाव पुढे करणं मला काही पटत नाही. शिवाय मरतात ते लवकर येणारे वयस्कर, त्यात दरवेळी कमजोरी शोधायची गरज नाही, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला जे हिमवादळ आलं त्यात नुकते पोचलेले मार्टिन मोठ्या संख्येने मेले, तिथे कमजोर-बळकट हा प्रश्नच नव्हता, उडता किडाच नव्हता.

आणि फ्रीजरमधली पिशवी एप्रिलनंतर संपवून टाकू नका. थंडी गेली तरी पाऊस आहे. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत कित्येक दिवस उघडीपच दिली नाही, खणात पिल्लं होती, आणि पिल्लांसकट मोठे पक्षी मेले, वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या. पिल्लं असताना हीच फेकण्याची आणि ट्रेची पद्धत चालते, मोठे पक्षी अंड्याचे तुकडे चोचीत धरून खणात नेतात आणि पिल्लांना भरवतात, फक्त तुकडे अजून बारीक करा, मटारच्या दाण्याएवढे, आणि फेऱ्या दोनऐवजी चार करा.